कंडेन्सेटचा फ्लोमीटर स्वच्छ पाण्यातच का भरकटायचा: चिकोडी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याचं प्रकरण

चिकोडी आणि रायबाग तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात रोज साडेतीन हजार टन गाळप करणारा एक साखर कारखाना आहे. त्याचं नाव इथे देत नाही. मिल हाऊसवर मराठी, लॅबमध्ये कन्नड आणि पाळी बदलताना दोन्ही भाषांची सरमिसळ, असा सीमाभागात सगळीकडे दिसतो तसाच हा कारखाना. तिथे इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांच्या रांगेतल्या, पहिल्या बॉडीचं एक्झॉस्ट कंडेन्सेट (रस तापवून झाल्यावर वाफेचं झालेलं पाणी) बॉयलरच्या फीड टाकीकडे नेणारी चार इंची लाइन आहे. त्या लाइनवर प्रवाह मोजणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर, म्हणजे सगळे ज्याला मॅगमीटर म्हणतात तो, बरीच वर्षं बिनतक्रार चालत होता.

मग कारखान्याने ३२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा जुना बॉयलर काढून ८७ किलोचा नवा बसवला, त्याला टर्बाइन जोडलं आणि वीज विकायला सुरुवात केली. त्याच हंगामापासून मॅगमीटर भरकटू लागला. ताशी ५७ घनमीटरच्या आसपास दिसायला हवा तो आकडा २० वर यायचा, ९० वर जायचा, आणि मधूनच 'पाइप रिकामा' असा अलार्म यायचा. पंप तर चालू असायचा, गेजवर दाबही दिसायचा. लाइन भरलेली आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

मला बोलावलं तोपर्यंत नेहमीचे सगळे उपाय करून झाले होते. अर्थिंगच्या रिंगा बसवल्या होत्या, ट्रान्समीटरचं कार्ड बदललं होतं. अलार्म त्रास देतो म्हणून रिकाम्या पाइपची ओळख सेटिंगमधून बंद केली होती, आणि उड्या दिसू नयेत म्हणून डॅम्पिंग, म्हणजे आकडा संथ करणारं सेटिंग, इतकं वाढवलं होतं की पंप बंद केल्यावरही आकडा बराच वेळ पडद्यावर रेंगाळायचा. शेवटी मीटर म्हातारा झाला असं ठरवून त्याच मापाचा, त्याच जातीचा नवा मीटर आणला. तोही तसाच वागला.

नवा मीटर जुन्यासारखाच वागतो तेव्हा दोष बहुतेक मीटरमध्ये नसतो. मग पाइपकडे आणि पाइपमधल्या द्रवाकडे बघावं लागतं. इथे पाइप जुनाच होता. बदललं होतं ते पाणी.

या एका आकड्यासाठी एवढी धडपड कशाला, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडू शकतो. कारखान्यात तो पडत नाही. एक्झॉस्ट कंडेन्सेट हे बॉयलरमधून वाफ होऊन गेलेलं आणि गरम राहूनच परत येणारं पाणी आहे. ते जितकं परत येईल तितकं नवं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी कमी तयार करावं लागतं आणि तितका बगॅस, म्हणजे जळणाचा चोथा, वाचतो. वाफ किती गेली आणि पाणी किती परत आलं याचा मेळ बसला नाही, तर गळती कुठे आहे ते शोधता येत नाही. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर नदीतून पाणी उचलण्यावर बंधनं येतात. अशा वेळी परत येणाऱ्या प्रत्येक घनमीटरचा हिशोब ठेवावाच लागतो.

आता मीटरच्या आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फॅरेडेच्या नियमानुसार चुंबकीय क्षेत्रातून वाहक द्रव वाहत गेला की त्यात व्होल्टेज तयार होतं. ते क्षेत्राची ताकद, पाइपचा व्यास आणि द्रवाचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं. या सूत्रात द्रवाची विद्युतवाहकता कुठेच येत नाही. म्हणून पुष्कळांची समजूत असते की द्रव थोडासा वाहक असला तरी पुरे. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. विहिरीच्या पाण्यात आणि उसाच्या रसात मॅगमीटर सारख्याच अचूकतेने चालतो. पण ते व्होल्टेज अगदी बारीक, मिलिव्होल्टच्या घरातलं असतं. दोन इलेक्ट्रोडमधून ते ट्रान्समीटरपर्यंत पोचायचं तर मधल्या द्रवाचा रोध आडवा येतो. हा रोध ढोबळमानाने एक भागिले (वाहकता गुणिले इलेक्ट्रोडचा व्यास) इतका येतो. एक सेंटिमीटर व्यासाचा इलेक्ट्रोड आणि ५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेचं नळाचं पाणी धरलं तर तो २ किलोओहम होतो. वाहकता ५ वर आली की तोच २०० किलोओहम होतो. संकेत तेवढाच राहतो, पण तो शंभरपट कमकुवत वाटेने येतो. केबलची धारिता, आजूबाजूच्या मोटरींचा गोंगाट, इलेक्ट्रोडवरून वाहणाऱ्या पाण्याचा स्वतःचा विद्युत खळखळाट, हे सगळं त्या संकेताच्या बरोबरीला येऊन बसतं.

म्हणूनच बहुतेक मीटरच्या पत्रकात किमान वाहकता ५ मायक्रोसीमेन्स अशी लिहिलेली असते. काही पत्रकांत त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: निर्खनिज पाण्यासाठी २०. खरेदीच्या वेळी ही ओळ कुणी वाचत नाही. मी नव्या मीटरचं पत्रक मागवलं तेव्हा ती ओळ त्यातही होती.

पहिला खरा धागा सापडला तो पत्रकातून नाही. तो दिला इव्हॅपोरेटर बॉडीवर पाळी करणाऱ्या मामांनी. निपाणीजवळच्या गावचे हे मामा गेली कितीतरी वर्षं त्याच मजल्यावर उभे आहेत. मी ट्रान्समीटरचं झाकण उघडून बघत होतो, तर ते शेजारी येऊन म्हणाले, "सायब, ह्यो मीटर सारखाच बिघडलेला न्हाई बघा. मिल बंद पडून परत चालू झाली न्हवं, की चार-पाच तास एकदम शहाण्यागत चालतंय. मग परत सुरू."

मी विचारलं, "दर वेळी, मामा?"

"दर वेळी. बघा की तुमच्या त्या कॉम्प्युटरवर."

आम्ही बघितलं. डीसीएसवर, म्हणजे कारखान्याच्या नियंत्रण-संगणकावर, त्या हंगामाची नोंद होती. मामांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर काही तास आकडा स्थिर होता, आणि मग हळूहळू थरथर वाढत जाऊन उड्या सुरू होत होत्या. मीटर म्हातारा असता, अर्थिंग सैल असतं, तर त्याने थांब्यांची आठवण ठेवली नसती.

थांब्यानंतरच्या त्या तासांत वेगळं काय असतं, याचं उत्तर लॅबच्या रजिस्टरमध्ये होतं. कंडेन्सेटमध्ये साखरेचा अंश आला का, हे लॅब अल्फा नॅफ्थॉलने तपासते. नळीत नमुना घ्यायचा, अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकायचे आणि कडेने सावकाश सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. जांभळं कडं दिसलं की साखर आहे. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये साखर गेली की ती फुटून आम्ल होतं, पाण्याचा सामू घसरतो, फेस येतो, नळ्या खराब होतात. म्हणून कडं दिसतं तोवर कंडेन्सेट बॉयलरकडे जाऊ देत नाहीत, प्रक्रियेकडे वळवतात. आम्ही रजिस्टरमधले जांभळ्या कड्याचे तास आणि डीसीएसवरचे शांत तास एकाच कागदावर शेजारी मांडले. जवळपास सगळे एकमेकांवर बसले.

म्हणजे मीटर चांगला चालत होता तो पाणी घाण असताना. पाणी बॉयलरला देण्याइतकं स्वच्छ झालं की तो भरकटत होता.

थांब्यानंतरच पाणी घाण का होतं, याचं कारण पहिल्या बॉडीतल्या दाबात आहे. बॉडी चालू असताना कॅलेंड्रियात, म्हणजे रसाच्या नळ्यांभोवतीच्या वाफेच्या कप्प्यात, एक्झॉस्ट वाफेचा दाब असतो आणि तो नळ्यांमधल्या रसाच्या दाबापेक्षा जास्त असतो. एखाद्या नळीचा जोड सैल असला तरी वाफच रसात जाते, रस वाफेकडे येत नाही. वाफ बंद झाली की कॅलेंड्रिया थंड होते, आत पोकळी तयार होते, आणि त्याच सैल जोडातून रस ओढला जातो. पुन्हा चालू केल्यावर तो धुऊन निघायला काही तास लागतात. साखर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण उसाच्या रसात पोटॅशियम आणि इतर क्षार असतात. रसाची वाहकता हजारांत मोजली जाते. तो थोडा जरी मिसळला तरी कंडेन्सेटची वाहकता मॅगमीटरला पुरेल इतकी वर जाते.

इथे जुन्या बॉयलरच्या दिवसांचाही उलगडा होतो. तेव्हा बॉयलरला फक्त सॉफ्टनरमधून काढलेलं पाणी जायचं. सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम काढतो, पण बायकार्बोनेट तसंच ठेवतो. बॉयलरमध्ये ते फुटून कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि कंडेन्सेटमध्ये विरघळतो. शिवाय जुन्या ड्रममधून वाफेबरोबर बॉयलरच्या पाण्याचे तुषारही यायचे. त्या कंडेन्सेटची वाहकता दोन आकडी होती आणि मॅगमीटर सुखात होता. ८७ किलोच्या बॉयलरला मात्र आरओ आणि डीएम प्लँटमधून गेलेलंच पाणी लागतं. कारखान्याने पाणी सुधारलं आणि त्याच सुधारणेने मीटरचा आधार काढून घेतला. डीएम प्लँटचा प्रकल्प अहवाल लिहिताना या लाइनवरच्या मीटरचा विचार कुणी केला नव्हता, कारण मीटर उपकरण विभागाकडे आणि पाणी लॅबकडे.

इथवर सगळं जुळत आलं होतं, पण लॅबचा एक आकडा आडवा येत होता. केमिस्ट मॅडम रोज कंडेन्सेटची वाहकता मोजत होत्या आणि ती रोज १४ च्या आसपास येत होती. १४ म्हणजे पत्रकातल्या ५ च्या बऱ्याच वर. त्या म्हणाल्या, "सर, आमचा कंडक्टिव्हिटी मीटर दर आठवड्याला कॅलिब्रेट होतो. साखरेतले क्षार, म्हणजे राख, पण आम्ही त्याच्यावरच काढतो, ती बरोबर येते."

त्यांचं काम चोख होतं. मीटरही चांगला होता. पण ज्या पाण्याची वाहकता त्या मोजत होत्या, ते पाइपमधलं पाणी उरलंच नव्हतं. हाच या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नमुना घ्यायची बाटली अर्ध्या लिटरची प्लास्टिकची होती. ती लॅबच्या सिंकवर, बोअरच्या पाण्याने धुतली जायची. कृष्णाकाठच्या या भागात वर्षानुवर्षं भरपूर पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि बोअरचं पाणीही खारवट आहे. आम्ही लॅबच्या नळाची वाहकता मोजली. ती १००० च्या वर होती. बाटलीत अशा पाण्याचे पाच मिलिलिटर राहिले, म्हणजे एक टक्का, तर नमुन्याची वाहकता सुमारे १० ने वाढते. १४ पैकी बहुतेक वाटा तिथेच गेला.

दुसरा मुद्दा हवेचा. नमुना उघड्या भांड्यात थंड व्हायला ठेवलेला असायचा. शुद्ध पाण्याची २५ अंशांवरची वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. तेच पाणी उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ती १ च्या आसपास जाते. त्यात हा दुहेरी सल्फिटेशनचा, म्हणजे गंधकाच्या वायूने रस स्वच्छ करणारा कारखाना. गंधकाच्या भट्टीकडून येणारा वायू पाण्यात हवेतल्या वायूपेक्षा कितीतरी सहज विरघळतो, आणि नमुन्याची बाटली रोज त्या भट्टीच्या बाजूनेच लॅबकडे जायची. त्याचा वाटा नेमका किती, हे वेगळं काढता आलं नाही, पण झाकण घट्ट लावलेल्या आणि उघड्या बाटलीतला फरक मीटरवर स्पष्ट दिसला.

तिसरं म्हणजे सेल, वाहकता मोजायला पाण्यात बुडवतात तो पाट्यांचा भाग. लॅबचा सेल १.० स्थिरांकाचा होता आणि तो १४१३ मायक्रोसीमेन्सच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणावर कॅलिब्रेट केलेला होता. साखरेच्या राखेसाठी तो अगदी योग्य आहे. पण २ आणि ३ च्या आकड्यांत त्याच्या केबलची आणि इलेक्ट्रोडची छोटी चूकही मोठी होते. कमी वाहकतेसाठी ०.१ स्थिरांकाचा सेल लागतो. त्यात पाट्या मोठ्या आणि जवळजवळ असतात, त्यामुळे त्याच पाण्यातून मोजण्याइतका प्रवाह मिळतो. तो सेल ०.००१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर, म्हणजे २५ अंशांवर सुमारे १४७ मायक्रोसीमेन्सवर तपासता येतो. त्याहून पातळ द्रावण करून तपासायचा मोह टाळावा, कारण तेही उघड्यावर हवा पिऊन बदलतं.

चौथी गोष्ट या सगळ्याच्या उलट दिशेची, आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी. लॅबचा मीटर आकडा २५ अंशांवर आणून दाखवतो. मॅगमीटरला मात्र २५ अंशांशी काही देणंघेणं नाही. त्याच्यासमोर पाणी १०० अंशांचं असतं आणि त्या तापमानाला आयन कितीतरी चपळ असतात. वाहकता अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते असं धरलं तर १०० अंशांवर ती २५ अंशांच्या अडीच पटीच्या आसपास जाते. म्हणजे मॅगमीटरसाठी मोजताना तापमानभरपाई बंद करून खरा आकडा आणि खरं तापमान, दोन्ही लिहून ठेवायला हवं.

म्हणून आम्ही पंपाच्या डिस्चार्जवरच्या सँपल कॉकपासून पाव इंची स्टेनलेस नळी घेतली. तिचे वेटोळे थंड पाण्याच्या बादलीत बुडवले आणि दुसऱ्या टोकाला ०.१ स्थिरांकाचा सेल बंद घरात बसवला. पाणी खालून आत येईल, वरून बाहेर पडेल आणि सेलमध्ये बुडबुडा अडकणार नाही अशी मांडणी ठेवली. नळी आणि सेल धुऊन निघेपर्यंत पाणी वाहू दिलं. सुरुवातीला आकडा भराभर खाली येतो, मग सावकाश, आणि शेवटी थांबतो. तो थांबेपर्यंत धीर धरावा लागतो. इथे घाई केली की नळीचीच घाण मोजली जाते.

पाणी ३० अंशांवर असताना वाहकता २.१ आली. बादलीतलं थंड पाणी कमी करून प्रवाह ६० अंशांवर आणला, तेव्हा ती ३.३ झाली. दोन्ही आकड्यांवरून अंदाज दोन टक्क्यांच्या नियमाशी जुळला: २५ अंशांवर सुमारे १.९ आणि पाइपमध्ये १०० अंशांवर सुमारे ५. कंडेन्सेटमध्ये अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडसारखे दुबळे विद्राव्य असतात, त्यांचं वागणं तापमानाबरोबर जरा वेगळं बदलतं, म्हणून या ५ ला मी थोडा वर-खाली समजतो. पण निर्णयासाठी एवढं पुरेसं होतं. लॅबचे १४ कुठे आणि हे ५ कुठे. मीटर अगदी काठावर उभा होता. भार कमी होऊन कंडेन्सेट थोडं निवलं, की तो काठाच्या खाली जात होता. डीसीएसवर रात्रीच्या कमी गाळपाच्या तासांत उड्या जास्त का होत्या, तेही इथे कळलं.

एक शंका मुख्य अभियंत्यांनी काढली आणि ती रास्त होती. उकळीच्या जवळचं पाणी पंपाच्या तोंडाशी फुटून बुडबुडे आले, तरी मॅगमीटर असाच नाचतो. मग हा दोष वाहकतेचा की बुडबुड्यांचा? याला दोन उत्तरं होती. एक, थांब्यानंतरच्या शांत तासांत तापमान आणि दाब तेच होते, बुडबुडे असते तर तेव्हाही दिसले असते. दुसरं, रिकाम्या पाइपचा अलार्म. हा अलार्म बऱ्याच मीटरमध्ये इलेक्ट्रोडमधल्या रोधावरूनच येतो. द्रव नसला की रोध खूप वाढतो, म्हणून मीटर पाइप रिकामा समजतो. आम्ही ती ओळख पुन्हा चालू केली, तेव्हा भरलेल्या पाइपलाही मीटर रिकामा म्हणू लागला. तो वाढलेला रोधच सांगत होता. ज्या सेटिंगला त्रास समजून बंद केलं होतं, तेच खरं निदान करत होतं. म्हणून माझा आग्रह असतो की 'पाइप रिकामा' अलार्म बंद करण्याआधी द्रवाची वाहकता मोजावी.

मग उपाय काय? एका पर्यवेक्षकाने सुचवलं की कंडेन्सेटमध्ये थोडं मीठ किंवा सोडा सोडला तर वाहकता वाढेल. मॅगमीटरपुरतं बोलायचं तर ते चाललं असतं, पण हे पाणी ८७ किलोच्या बॉयलरला जातं. ज्या पाण्यातले क्षार काढायला डीएम प्लँट उभा केला, त्यात क्षार घालणं म्हणजे बॉयलरशी वैर. तो विषय तिथेच संपवला. ट्रान्समीटर सेन्सरवरच बसवून केबल काढून टाकता आली असती. त्याने थोडा फायदा झाला असता, पण काठावरची गोष्ट काठावरच राहिली असती. धारिता तत्त्वावरचे, द्रवाला न शिवणारे इलेक्ट्रोड असलेले मॅगमीटर ०.०५ मायक्रोसीमेन्सपर्यंतही चालतात. ते तांत्रिकदृष्ट्या योग्य होते, पण महाग, आणि दुरुस्तीला बाहेरून माणूस बोलवावा लागला असता.

राहिले ऑरिफिस (भोकाच्या चकतीवरचा दाबाचा फरक मोजणारा) आणि व्होर्टेक्स (अडथळ्यामागचे भोवरे मोजणारा) हे मीटर. दोघांनाही वाहकतेशी कर्तव्य नाही. ऑरिफिस जुना आणि खात्रीचा, पण त्याच्या दाब नेणाऱ्या इम्पल्स नळ्या बघायला माणूस लागतो. आम्ही व्होर्टेक्स निवडला. लाइनमधला वेग सेकंदाला सुमारे २ मीटर होता, चार इंची व्होर्टेक्सच्या पट्ट्यात आरामात बसणारा. जागा मात्र विचार करून निवडली. पंपानंतर, पुरेसा दाब असेल तिथे, आणि मीटरच्या पुढे कंट्रोल व्हॉल्व्ह. उलट ठेवलं असतं, तर व्हॉल्व्हनंतर दाब घसरून उकळत्या पाण्यात बुडबुडे फुटले असते. आधी सरळ पाइपची लांबीही मोजून ठेवली होती. एका जागी एल्बो जवळ येत होता, तो हलवावा लागला.

काढलेला मॅगमीटर वाया गेला नाही. मिलवर उसाच्या चोथ्यावर मारायचं इम्बिबिशनचं पाणी मोजायला मीटर नव्हताच. ते पाणी दुसऱ्या बॉडीपासून पुढच्या रसाच्या वाफेचं कंडेन्सेट असतं. रसातला अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं वाफेबरोबर येतात, त्यामुळे त्याची वाहकता एक्झॉस्ट कंडेन्सेटपेक्षा कितीतरी जास्त असते. यावेळी मीटर बसवण्याआधी तीच नळी, तीच बादली आणि तोच सेल घेऊन आम्ही ते पाणी मोजलं. वाहकता ११० आली. मीटर बसवल्यापासून आकडा स्थिर आहे. मिलवाल्यांना आता प्रत्येक पाळीत इम्बिबिशन किती झालं ते कळतं, आधी ते व्हॉल्व्ह किती वळवला यावर बोलायचे.

याच आवारात डिस्टिलरी उभारण्याचं काम चालू आहे, म्हणून सांगतो. तिथे हाच प्रश्न पुन्हा येणार आहे आणि जास्त टोकाला येणार आहे. स्पेंट वॉशची, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या द्रवाची, वाहकता दहा हजारांच्या घरात जाते, तिथे मॅगमीटर उत्तम. पण निर्जल अल्कोहोल जवळजवळ अवाहक असतं. त्या लाइनसाठी आलेल्या एका कोटेशनमध्येही साधा मॅगमीटरच लिहिलेला होता. तो बदलून घेतला. एकाच कुंपणाच्या आत एका टोकाला १ च्या खाली आणि दुसऱ्या टोकाला दहा हजारांच्या वर, इतका फरक पडतो. म्हणून फ्लोमीटरच्या मागणीपत्रात द्रवाचं नाव लिहून भागत नाही. कुठल्या तापमानाला किती वाहकता, आणि ती कशी मोजली, हेही लिहावं लागतं.

लॅबमध्ये मॅडमनी पद्धत बदलली. एक्झॉस्ट कंडेन्सेटसाठी काचेची, डीएम पाण्याने धुतलेली वेगळी बाटली ठेवली, ती तोंडापर्यंत भरून बूच लावतात, आणि रजिस्टरमध्ये तापमानाचा रकाना आला. तरी त्या स्वतःच म्हणाल्या की बाटलीतला आकडा पाइपमधल्या सेलइतका विश्वासाचा नाही, आणि ते खरं आहे. म्हणून पंपाच्या डिस्चार्जवर कायमचा सेल बसवला आणि त्याचा आकडा डीसीएसवर आणला. ऑफ सीझनमध्ये पहिल्या बॉडीचा हायड्रॉलिक दाब घेतला, तेव्हा सैल जोडांच्या काही नळ्या सापडल्या. त्या पुन्हा एक्सपांड केल्या, एक-दोन प्लग केल्या.

आता थांब्यानंतर कंडेन्सेट बॉयलरकडे केव्हा सोडायचं, हे सेल आणि अल्फा नॅफ्थॉल दोघं मिळून ठरवतात. सेलचा आकडा २५ अंशांवर ६ च्या वर गेला की वळवायचा व्हॉल्व्ह आपोआप प्रक्रियेकडे वळतो. मुख्य अभियंत्यांना तो ४ वर हवा होता. ४ वर ठेवला तर बॉयलरच्या पाण्यातला अमाइनचा (गंज रोखणाऱ्या रसायनाचा) डोस थोडा वाढला तरी चांगलं पाणी वळवलं जाईल, हा माझा मुद्दा. त्यांचा मुद्दा असा की ६ वर यायला रस बराच मिसळावा लागतो, तोवर थोडी साखर बॉयलरला पोचलेली असते. त्यांचं म्हणणंही मला पटतं. म्हणून ४ वर फक्त अलार्म वाजतो. तो वाजला की पाळीवरचा केमिस्ट लगेच नळीत नमुना घेऊन कडं बघतो, आणि बॉडीवरच्या मामांनाही हाक मारतो, कारण नळीत जांभळं काही दिसायच्या आधीच ते कधीकधी सांगतात की पहिल्या बॉडीचा दाब मघाशी घसरला होता.